विषय : वजीर गमावल्याबाबत

आर्नफिन सुंडवॉलने आपल्या पराभवांची फाईल उघडली तेव्हा त्याच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. फाईल उघडणं हा त्याचा पोटापाण्याचाच उद्योग होता. हेग्विका नगरपालिकेच्या बांधकाम परवाना विभागात तो सव्वीस वर्षं बसत होता. गावात कुणी गॅलरी वाढवा, गॅरेज बांधा, नाहीतर होडीच्या शेडवर नवा पत्रा ठोका, त्याचा कागद आर्नफिनच्या टेबलावरून गेल्याशिवाय त्या पत्र्यावर पावसाचा थेंब पडायची बिशाद नव्हती. आता असा माणूस स्वतःचा वजीर फुकट गेला म्हणून चौकशी लावणार, तर ती कशी लावणार? त्याला जशी लावता येते तशीच लावणार. यात त्याचं नेमकं काय चुकलं, ते गावाला अजूनही धड सांगता येत नाही.

सगळ्याच्या मुळाशी होता ईस्टर. सुंडवॉल कुटुंबाचं डोंगरावरचं लाकडी घर एक, आणि भावंडं दोन. वडील गेले ते नियम घालून गेले. बाकीचे आठवडे आपसांत वाटून घ्या, पण ईस्टरचा आठवडा बुद्धिबळावर ठरेल. पाच डाव, ज्याचे तीन त्याचा ईस्टर. थोरली बहीण गुन्वोर आपल्या नवऱ्याबरोबर, यंगवेबरोबर, दूर उत्तरेला ट्रॉम्सोला राहायला गेली तेव्हापासून हे डाव इंटरनेटवर होऊ लागले. एकेकाला तीन-तीन मिनिटं, मार्चचा पहिला रविवार, जेवणं उरकल्यावर पाच वाजता. अशी अकरा वर्षं झाली होती आणि अकराही ईस्टर गुन्वोरने नेले होते. आर्नफिनच्या वाट्याला यायचा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. त्या दिवसांत डोंगरावर बर्फ नसतो, उजेड नसतो, चिखल मात्र भरपूर असतो.

बरं, डोंगरावर जायला मिळत नाही एवढंच दुःख असतं तर माणूस गप्प बसला असता. पण ईस्टरला अख्खं गाव स्की घेऊन डोंगरावर जातं, मग हेग्विकात उरतं कोण? मांजरं आणि सुंडवॉल. गावाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की पवित्र आठवडा लागला की लोक विचारायच्या भानगडीत न पडता आपल्या घराची किल्ली सुंडवॉलांच्या टपालपेटीत टाकून मोकळे होत. गेल्या वर्षी एकोणीस किल्ल्या झाल्या. एकोणीस घरांच्या कुंड्यांना पाणी, चार मांजरांना खाणं आणि एका दातांच्या डॉक्टराचे मासे. डॉक्टर स्कीला मेण लावता लावता म्हणाला होता, "तुम्ही असता ना घरी, म्हणून किती निर्धास्त वाटतं." आर्नफिन त्यावर "हो का" म्हणाला होता, पण ते शब्द त्याला पुढे तीन दिवस टोचत होते.

जानेवारीत हेर्दिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, विषय एका वाक्यात संपवला. ती शाळेच्या दंतचिकित्सा केंद्रात नर्स होती आणि वाईट बातमी शांतपणे सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ह्या ईस्टरला मी लोकांच्या जिरेनियमना पाणी घालणार नाही," ती म्हणाली. "तू जिंकलास तर आपण डोंगरावर जाऊ. नाही जिंकलास तर मी माझ्या बहिणीबरोबर स्पेनला जाईन, आणि किल्ल्या तुझ्या तुला."

"पण ताईचं रेटिंग पंधराशे आहे. माझं अकराशे अठ्ठेचाळीस."

"मग सुधार. आठ आठवडे आहेत."

आर्नफिनने सुधारायला घेतलं. दोन आठवड्यांत त्याने तीनशे दहा डाव खेळले. बसमध्ये खेळला, बटाटे उकडेपर्यंत खेळला, एकदा तर दाढीला साबण लावून खेळला आणि तो साबण वाळून कडक होईपर्यंत हरला. एवढ्या तपश्चर्येनंतर त्याचं रेटिंग अकराशे अठ्ठेचाळीसवरून अकराशे एकतीसवर आलं. म्हणजे मुळीच खेळला नसता तर सतरा गुण शिल्लक राहिले असते.

सल्ले द्यायला मात्र कुणी कमी नव्हतं. ऑफिसात डबे उघडले की चर्चा हीच. एकीचं म्हणणं, तपकिरी चीजने डोकं जड होतं, पावाला टोमॅटोतला बांगडा लावत जा. दुसऱ्याचं म्हणणं, खुर्चीच वाईट आहे. शेजारचे ओदवार तर खास कुंपणापाशी आले. हे फेरीबोटीचे निवृत्त कप्तान, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर एकाच खाडीच्या ह्या काठावरून त्या काठावर गेलेले, पण बोलणं सात समुद्र पालथे घातल्यासारखं.

"पाय गार पाण्यात ठेवून खेळ," ओदवार म्हणाले. "पाय गार, डोकं गार."

"तुम्ही बुद्धिबळ खेळता, काका?"

"छे. पण पाय कुणाला नसतात?"

आर्नफिनने दोन दिवस पाय बादलीत ठेवून पाहिले. रेटिंग तिथेच राहिलं आणि सर्दी झाली.

खरं तर बादली पुसता पुसताच त्याला तो प्रश्न पडला. हा प्रश्न त्याला तीनशे दहा डावांत एकदाही पडला नव्हता. आपण हरतो ते नेमकं कशाने? हरल्यावर तो चिडत होता, नवीन डाव लावत होता, पुन्हा हरत होता. पण हरलेला डाव उघडून, बाबा रे, तुला झालं तरी काय, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने आदल्या दिवशीचा एक डाव उघडला. संगणकाने त्याच्या खेळीवर लाल खूण केली होती आणि खाली लिहिलं होतं : घोडचूक. ते त्यालाही ठाऊक होतं. घोडचूक का झाली, हे संगणक सांगेना. आणि कशाचंही "का" शोधायचं तर आर्नफिनला जगात एकच रीत येत होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पावाचा तुकडा तोंडात धरून त्याने ऑफिसच्या संगणकावर प्रकरणाचा ठरलेला नमुना उघडला आणि लिहायला सुरुवात केली.

"विषय : वजीर गमावल्याबाबत. तथ्ये : दिनांक २३ जानेवारी रोजी सायंकाळी ७.१२ वाजता अर्जदाराने (पांढरी मोहरी) आपला वजीर कोणतेही संरक्षण नसताना काळ्या उंटाच्या थेट रस्त्यात नेऊन ठेवला. मूल्यमापन : सदर उंट त्या जागी सहा खेळ्यांपासून उभा होता व अर्जदारास दिसत होता. अर्जदाराची दृष्टी चष्म्यासह उत्तम आहे. निष्कर्ष : सदर ठिकाणी वजीर ठेवण्यास परवानगी देता आली नसती."

लिहून झाल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की काय सांगावं. हार तीच होती, पण आता तिला परिच्छेद होते. दुसऱ्या दिवशी त्याने "घोडा पटाच्या कडेला नेऊन विसरल्याबाबत" लिहिलं. मग "एका खेळीत मात समोर असताना प्यादं खाल्ल्याबाबत". मग, जरा भविष्याकडे नजर ठेवून, "राजा दहाव्या खेळीपूर्वी उजव्या कोपऱ्यात हलवण्याबाबत प्रस्ताव". संध्याकाळी डाव हरताना त्याला आता पूर्वीसारखा राग येईना. उलट तो खुर्चीत पुढे सरकून बघे, की आज काय निघतंय. दोन आठवड्यांत अकरा कागद झाले. त्याचं रेटिंगही अकराशे साठवर आलं होतं. मग एका बुधवारी सकाळी अभिलेख विभागाच्या तुरिदबाई त्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

तुरिदबाईंचं काम म्हणजे नगरपालिकेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक कागदाची नोंद ठेवणं. ती नोंद रोज सकाळी संकेतस्थळावर लागते. कुणीही उठावं, यादी वाचावी, हवा तो कागद मागावा. कारण विचारायचं नाही, असा कायदाच आहे. आर्नफिन स्वतः ह्या कायद्याचा मोठा अभिमानी होता.

"सुंडवॉल," तुरिदबाई म्हणाल्या, "हा वजीर कोणाचा?"

आर्नफिनने हातातला पाव खाली ठेवला.

झालं होतं असं, की तो नमुना म्हणजे नुसता कोरा कागद नव्हता. तो उघडला की प्रकरणाला क्रमांक पडतो, आणि दोनदा जतन केला की नोंदवहीत जातो. आर्नफिन काळजीपोटी प्रत्येक गोष्ट दोनदा जतन करत असे.

"काढून टाका ना ते," तो म्हणाला.

"काढून टाका?" तुरिदबाईंनी चष्मा काढला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. "नोंद झालेला कागद काढायचा म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराची परवानगी लागते. आठ महिने लागतात. आणि त्या अर्जाचीही नोंद होते."

"मग आता?"

"आता प्रकरण चालवायचं. निर्णय तुम्हाला देता येणार नाही, तुमचंच प्रकरण आहे, तो शेजारच्या नगरपालिकेने द्यायचा. पण हरकती आल्या तर उत्तरं अर्जदाराने द्यायची. अर्जदार तुम्हीच आहात."

"हरकती कसल्या?"

तुरिदबाईंनी त्याच्याकडे जरा दयेने पाहिलं. "तुम्ही जागेच्या रकान्यात घरचा पत्ता घातलाय. शेजाऱ्यांना सूचना गेल्यात."

त्या खरंच गेल्या होत्या. सहा घरांच्या पेट्यांत नगरपालिकेच्या शिक्क्याचं पत्र पडलं होतं : "आपले शेजारी श्री. सुंडवॉल यांनी राजा दहाव्या खेळीपूर्वी उजव्या कोपऱ्यात हलवण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावे." आता दुसऱ्या एखाद्या गावात लोकांनी हे पत्र हसून केरात टाकलं असतं. हेग्विकाची माणसं तशी नाहीत. नगरपालिकेने मत विचारलंय म्हटल्यावर मत दिलंच पाहिजे. उताराच्या खालच्या बाजूचं म्हातारं जोडपं लिहितं : "राजाची उंची कळवावी. आमच्या दिवाणखान्यातून समुद्र दिसतो." पलीकडच्या शिक्षिकेची हरकत नव्हती, मात्र हलवाहलव सकाळी सातच्या आत नको, आणि रविवारी तर नकोच. कोपऱ्यावरच्या सुताराने एक ओळ पाठवली : "आमचा राजेशाहीलाच तत्त्वतः विरोध आहे."

पाठोपाठ गावचं वर्तमानपत्र आलं. बातमीदार बाईंनी अकराच्या अकरा कागद रीतसर मागवून वाचले होते. त्यांनी आर्नफिनच्या हातात एक लाकडी वजीर दिला आणि फोटोसाठी जरा उदास चेहरा करा म्हणाल्या. तो वेगळा करावा लागला नाही. शुक्रवारी मथळा आला : "नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडून वजीर गहाळ." दुकानात पावाच्या रांगेत एका बाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून "सापडेल हो" असं म्हटलं. आर्नफिनला त्या क्षणी चिखल असलेला नोव्हेंबरसुद्धा चालला असता.

पण सगळ्यात झोंबली ती ओदवारकाकांची हरकत. तीन पानी. दोन पानं बोटीबद्दल होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : "मी अकराही प्रकरणे वाचली. अर्जदार मंद आहे. वय झाले की हात मंद होतो. झटपट बुद्धिबळ त्याला झेपणारे नाही. त्याने विणकाम करावे."

मंद? आर्नफिनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं वय त्रेपन्न. ठीक आहे, म्हणाला, उत्तर अर्जदाराने द्यायचंय ना, मग देतो. आणि पुराव्यासकट देतो. रविवारी सकाळपासून तो बसला आणि लिहून काढलेल्या डावांतल्या प्रत्येक खेळीला आपल्याला किती सेकंद लागले ते एकेक करून तक्त्यात मांडू लागला. हेर्दिसने दोनदा कॉफी आणली, दोन्ही गार झाल्या. दुपारी दोनच्या सुमारास तक्ता पुरा झाला, आणि आर्नफिन त्याच्याकडे बघतच राहिला.

तो मंद नव्हताच. वजीर गेला ती खेळी त्याने एका सेकंदाच्याही आत खेळली होती. घोडा गेला, पाऊण सेकंद. मात समोर असताना प्यादं खाल्लं, अर्धा सेकंद. आणि प्रत्येक वेळी घड्याळात मिनिटभराहून जास्त वेळ पडून होता. ज्या घाईत तो हरत होता ती घाई त्याला कुणीही लावली नव्हती.

"हेर्दिस, इकडे ये," तो म्हणाला. "हे बघ. मी घाई करतो ती कधी? त्याच्या आधीच्या खेळीला समोरच्याने काय केलंय ते बघ."

हेर्दिस वाकून बघू लागली. तिला बुद्धिबळातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्यातलं कळत होतं.

"ह्याने तुझ्या वजिरावर प्यादं घातलंय," ती म्हणाली. "ह्याने कारण नसताना शह दिलाय. ह्याने..." ती हसायला लागली. "अरे, तुला राग येतो."

"राग नाही."

"अपमान वाटतो. समोरच्याने आगाऊपणा केला की तू फटकन उत्तर देतोस. चहाच्या टेबलावर माझ्या आईला देतोस तसं."

आर्नफिन काहीतरी फटकन बोलणार होता. मग त्याने तक्त्याकडे पाहिलं आणि त्यालाही हसू आलं. एवढी गंमत त्याला कित्येक वर्षांत वाटली नव्हती. उंट, घोडे, सुरुवातीच्या चाली, सगळं शोधून झालं आणि शेवटी सापडलं काय, तर आर्नफिन सुंडवॉल. ओदवारकाकांच्या उत्तराला त्याने तो तक्ता जोडला आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं : "अर्जदार मंद नसून मानी आहे. दुखावला गेल्यास तो एका सेकंदाच्या आत उत्तर देतो व ते उत्तर चुकीचे असते." कागद क्रमांक चौदा. जतन केला, दोनदा.

रोग कळला, आता औषध. आकडे मोजून पाहिले, हातावर बसून पाहिलं, काही जमेना. शेवटी औषध त्याला ऑफिसातच मिळालं. नगरपालिकेला कुणी कितीही शिव्या घालून पत्र लिहिलं तरी पहिलं उत्तर एकच जातं : "आपले पत्र मिळाले. यथावकाश उत्तर दिले जाईल." आर्नफिनने सव्वीस वर्षांत अशी हजारो पाठवली होती आणि एकदाही रागाने पाठवली नव्हती. आता समोरच्याने आगाऊ खेळी केली की तो माउसवरचा हात उचलून पुटपुटायचा, "आपलं पत्र मिळालं." तेवढ्यात दोन-तीन सेकंद जायचे, आणि तेवढ्यात उंट दिसायचा. बसमध्ये शेजारी बसणारे लोक जागा बदलू लागले, पण रेटिंग बाराशे झालं, मग साडेबाराशे, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तेराशे चौदा. हरलेला प्रत्येक डाव तो अजूनही लिहून काढत होता. फक्त आता वहीत, शाईने.

सामन्याला चार दिवस उरले असताना तुरिदबाई पुन्हा दारात आल्या.

"तुमच्या प्रकरणातले सगळे कागद कुणीतरी मागवलेत. तक्त्यासकट."

"पुन्हा वर्तमानपत्र?"

"नाही. ट्रॉम्सोहून. गुन्वोर सुंडवॉल."

आर्नफिनने खुर्चीचा हात घट्ट धरला. "नाकारता येत नाही का?"

"कुठल्या कलमाखाली?" तुरिदबाईंनी विचारलं, आणि त्याच्याजवळ कलम नव्हतं. अकरा वर्षं त्याला हरवणाऱ्या बाईला आता त्याची दुखरी नस कुठली, ते सरकारी शिक्क्यानिशी घरपोच झालं होतं. त्याने हेर्दिसला सांगितलं तेव्हा तिने फक्त स्पेनच्या विमानांच्या वेळा असलेला कागद फ्रिजवरून काढला, पाहिला आणि परत लावला.

रविवारी पाच वाजता डाव सुरू झाले. हेर्दिस स्वयंपाकघरात इस्त्री करत होती. म्हणजे एकच उशीचा अभ्रा पुन्हा पुन्हा इस्त्री करत होती.

पहिल्या डावात गुन्वोरने दुसऱ्याच खेळीला वजीर बाहेर काढून त्याच्या अंगावर घातला. नवशिक्याशी खेळावं तसा हा खेळ. आर्नफिनचं रक्त उसळलं, हात आधी गेला, आणि दहा खेळ्यांत डाव संपला. दुसऱ्या डावात तिने तेच केलं. "आपलं पत्र मिळालं," आर्नफिन मोठ्याने म्हणाला. स्वयंपाकघरातून इस्त्रीचा आवाज थांबला. त्याने शांतपणे घोडा काढला, मग उंट काढला, तिचा वजीर पटभर पळवला आणि शेवटी कोपऱ्यात गाठला. जन्मात पहिल्यांदा त्याने ताईचा डाव स्वच्छ जिंकला होता. तिसरा तिने घेतला, घड्याळावर. चौथा त्याने घेतला, आणि तो लांबला, घासाघाशीचा झाला, एका प्याद्यावर आला. दोन-दोन.

पाचव्यात त्याची काळी मोहरी होती. मधल्या टप्प्यात त्याला वाटलं आपण बुडालो. तिचा वजीर आणि हत्ती त्याच्या राजाच्या दारात येऊन उभे होते. मग काय झालं कोण जाणे, तिने हत्ती बाजूला सरकवला. आर्नफिनने पत्र मिळाल्याचं सांगितलं, श्वास घेतला आणि तो हत्ती खाल्ला. मग दुसरा खाल्ला. सोळा खेळ्यांनी तिचं घड्याळ शून्यावर आलं.

हेर्दिसने इस्त्री बंद केली, नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला आणि माळ्यावरून पाठपिशव्या काढायला गेली. जाताना स्पेनचा कागद तिने ओल्या कचऱ्यात टाकला. मग आठवून परत काढून कागदाच्या कचऱ्यात टाकला.

"आता उठ तिथून," ती माळ्यावरून ओरडली. "हा डाव तपासू नकोस."

तिचं बरोबर होतं. जिंकलेला डाव कुणी तपासतं का? पण दोन महिन्यांत आर्नफिनला ती खोडच लागली होती. काय झालं हे कळल्यावर ते का झालं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्याने डाव उघडला. तेविसाव्या खेळीवर लाल खूण होती. ती त्याची नव्हती. वजीर त्याच्या राजाच्या शेजारच्या घरात ठेवला की मात, एका खेळीत. गेल्याच आठवड्यात मोहरी हलवायला शिकलेल्यालाही दिसावं असं. आणि गुन्वोरने त्या खेळीला किती वेळ घेतला? एकोणीस सेकंद.

त्याने फोन लावला.

"ताई, तेविसावी खेळी."

"कुठल्या डावातली?"

"तुला माहितीय कुठल्या. मात होती."

"दिसली नाही बाबा. वय झालं माझं."

"एकोणीस सेकंद, ताई. एकोणीस सेकंद तू बघत बसली होतीस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "एवढं सगळं कशाला तपासतोस रे?" गुन्वोर म्हणाली. "जिंकलास ना? जा की."

"का सोडलंस ते सांग."

"का म्हणजे काय. तीन ईस्टर मी तिथे एकटी बसतेय. यंगवे सोडून गेल्यापासून. किलोभर संत्री नेते, दोन खाते, बाकीची परत आणते. संध्याकाळी फासे काढते आणि मीच माझ्याशी खेळते. त्यातही हरते."

"तू तर मैत्रिणींबरोबर जातेस म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

 हेर्दिस पाठपिशवी घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"मग नुसतं विचारायचं होतंस," तो म्हणाला. "या म्हणायचं होतंस."

"आणि तू काय म्हणाला असतास? थांब, मी सांगते. आम्हाला कुणाची मेहेरबानी नको. तेही एका सेकंदाच्या आत. कागद क्रमांक चौदा. तो वाचला आणि म्हटलं, ह्याला देऊन चालायचं नाही, ह्याला जिंकू द्यायला हवं. पण तुला संशय न येता तुझ्याशी हरायचं कसं ते तर कळायला हवं, म्हणून बाकीचेही वाचले."

"म्हणजे सगळेच डाव..."

"छे. दुसरा आणि चौथा तू जिंकलास. चौथ्याला मला घाम फुटला रे, खरंच. पाचवा मी सोडला, आणि तोही तू इतका रडतखडत घेतलास की मला वाटलं, आता ह्याचा राजा वाचवायलाही मलाच जावं लागणार."

आर्नफिनची कानशिलं तापली. उत्तर जिभेच्या टोकावर तयारच होतं : मग ठेव तुझा ईस्टर तुझ्यापाशी. त्याने फोन छातीशी धरला. दारातून हेर्दिस त्याच्याकडे बघत होती. त्याच्या डोळ्यांसमोर ती संत्री आली, ट्रॉम्सोपर्यंत परत वाहून नेलेली, तीन वर्षं.

"आहेस का?" फोनमधून आवाज आला. "चिडलास?"

"आहे," तो म्हणाला. "बघतोय."

"काय बघतोयस?"

"काही नाही. ताई, आम्ही ईस्टरच्या आठवड्यात मंगळवारी वर जातोय. घर तापायला एक दिवस लागतोच. तू बुधवारी ये. तुझ्यासाठी खिडकीकडचा पलंग ठेवतो."

 पलीकडे गुन्वोरने नाक ओढलं आणि ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी मंगळवारीच आले तर चालेल का रे?"